मदरसा : एका शब्दाचा मराठवाडी प्रवास

परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड या भागांतील जुन्या घरांमध्ये एखाद्या पत्र्याच्या पेटीत निजामी अमदानीतला शाळेचा दाखला अद्याप सापडतो. कागद पिवळा पडलेला, मजकूर उर्दूत, आणि शाळेच्या नावाआधी 'मदरसा' हा शब्द. हैदराबाद संस्थानात प्राथमिक शाळेला मदरसा तहतानिया, मधल्या शाळेला वस्तानिया आणि माध्यमिक शाळेला फौकानिया म्हणत. मुलगा देशमुखाचा असो, वाण्याचा असो वा मौलवीचा, तो मदरशातच जात असे. तेथे तो गणित, भूगोल, इंग्रजी शिके आणि घरी मराठी बोले. आज हाच शब्द कानावर पडला की दाढीधारी शिक्षक, जमिनीवर रांगेने बसून डोलत पाठांतर करणारी पोरे, आणि एक बंद दार एवढेच चित्र आपल्या मनात उभे राहते. एका शब्दाचा अर्थ दोन-तीन पिढ्यांत इतका आकसावा, याला इतिहास आहे. तो आपणा ख्रिस्ती वाचकांना परका वाटेल, पण पूर्णपणे परका नाही. बोर्डिंग, सेमिनरी, कॉन्व्हेंट या संस्थांमध्ये आपल्यातील अनेकांचे बालपण गेले आहे, आणि दाराच्या आत काय येऊ द्यावे व काय नाही हा प्रश्न आपल्या फादरांना व सिस्टरांनाही पडलेला आहे.

धार्मिक मदरसा ही हजार वर्षे जशीच्या तशी राहिलेली संस्था आहे, असा एक समज मदरशांचे टीकाकार आणि अभिमानी असे दोघेही सारख्याच निष्ठेने जपतात. तो खरा नाही. भारतातील बहुतेक मदरशांत जो अभ्यासक्रम चालतो त्याला 'दर्से निजामी' म्हणतात. हे नाव आपल्या हैदराबादच्या निजामावरून आलेले नाही; लखनौच्या फिरंगी महालातील मुल्ला निजामुद्दीन यांच्यावरून आले आहे. ते १७४८ साली वारले. त्यांच्या अभ्यासक्रमात कुराण आणि हदीस यांच्या जोडीने तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान व गणित यांना भरपूर जागा होती, कारण त्या काळी या शिक्षणातून काजी आणि दरबारी कारकून तयार व्हायचे होते. म्हणजे तो एका अर्थी नोकरीचाच अभ्यासक्रम होता. पुढे इंग्रजी राज्य आले, फारसी गेली, नोकऱ्या गेल्या. १८५७ च्या उठावानंतर खचलेल्या समाजातील काही उलेमांनी १८६६ साली देवबंद येथे दारुल उलूमची स्थापना केली. तेथे धर्मशास्त्राला महत्त्व चढले. पण संस्थेची बांधणी मात्र त्यांनी बरीचशी इंग्रजी कॉलेजासारखी केली. ठरलेले वर्ग, वेळापत्रक, वार्षिक परीक्षा, पगारी अध्यापक, वसतिगृह, आणि कोणा नबाबाच्या जहागिरीऐवजी सामान्य माणसांच्या वर्गणीवर चालणारा खर्च. ज्याला आज आपण 'पारंपरिक' मदरसा म्हणतो त्याचा सांगाडा असा अवघा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा आणि त्या काळच्या मानाने आधुनिकच आहे. राज्य हातचे गेल्यावर आपल्या मुलांना आपल्याच पैशाने, आपल्याच भिंतींच्या आत शिकवायचे, ही त्यामागची जिद्द होती. युरोपातील धर्मछळाच्या काळात कॅथलिक घराण्यांनी मुलांसाठी परदेशी शाळा काढल्या, त्या आठवल्या की ही जिद्द समजायला सोपी जाते.

मराठवाड्याचा या इतिहासात स्वतःचा वाटा आहे, आणि तो मराठी वाचकांना फारसा ठाऊक नाही. परभणीच्या शेजारी नांदेड जिल्ह्यात कंधार हे किल्ल्याचे गाव आहे. तेथे १८४८ साली मौलाना अन्वारुल्ला फारुकी यांचा जन्म झाला. तरुणपणी ते संस्थानच्या महसूल खात्यात नोकरीस होते. व्याजाच्या व्यवहाराचा कागद लिहिण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८७६ साली त्यांनी हैदराबादेत मदरसा निजामिया सुरू केला. तो आजही जामिया निजामिया या नावाने चालू आहे. सहावा निजाम मीर महबूब अली खान आणि सातवा मीर उस्मान अली खान या दोघांचे ते शिक्षक. व्याजाचा कागद लिहायला नकार देणाऱ्या या गृहस्थांनी ग्रंथालयासाठी व दुर्मिळ अरबी हस्तलिखिते छापण्यासाठी मात्र पुढाकार घेतला. छापखान्याचे त्यांना भय वाटले नाही. जुन्या चालीचा माणूस नव्या यंत्राला घाबरतोच, हे गृहीत धरण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

दुसरे उदाहरण थोडे अडचणीचे आहे, म्हणूनच सांगितले पाहिजे. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मदरसा फौकानियात धार्मिक शिक्षण आणि आधुनिक विज्ञान यांची सांगड घातलेला अभ्यासक्रम होता. आज 'मदरशांचे आधुनिकीकरण' म्हणून जे मागितले जाते, तेच त्या वेळी तेथे चालू होते. या शाळेत १९०३ साली औरंगाबादेत जन्मलेला एक हुशार मुलगा शिकला. त्याचे नाव अबुल आला मौदूदी. पुढे १९४१ साली लाहोरात त्यांनी जमाते इस्लामीची स्थापना केली, आणि राज्यसत्ता धर्माच्या आज्ञेत असावी हा विचार विसाव्या शतकात त्यांच्याइतक्या पद्धतशीरपणे फार थोड्यांनी मांडला. मुलाला रसायनशास्त्र शिकवले की तो आपोआप उदार होतो, असे मानणाऱ्या मंडळींनी हे उदाहरण जवळ ठेवावे. विज्ञान शिकवावेच, पण ते मुलाच्या भल्यासाठी. त्याच्या श्रद्धेला उतारा म्हणून शिकवू नये.

आता संस्थानी राज्याकडे वळू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता; परंतु ती भाषा उर्दू होती, आणि मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेला ती परकीच होती. साहजिकच लोकांनी आपापल्या खासगी शाळा काढल्या. औरंगाबादची सरस्वती भुवन, अंबाजोगाईची योगेश्वरी, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा या त्या काळच्या. सरकारला त्यांचा संशय येऊ लागला. १९२० नंतरच्या दशकात खासगी शाळेस पूर्वपरवानगीची अट आली आणि अनेक लहान शाळांना टाळे लागले. 'गश्ती निशाण ५३' या परिपत्रकाने सभेवरही परवानगीची अट घातली. परवानगी मिळेपर्यंत वेळ निघून जाई, आणि सत्तेला नेमके तेच हवे असे.

हे सर्व सार्वजनिक शांततेच्या नावाखाली चालले होते.

नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हटले. अधिकाऱ्यांनी मनाई केली, मुले ऐकेनात. लोण हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहांत पोहोचले आणि शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले. त्यांतील पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकी एक. त्या मुलांजवळ एक सोय होती : संस्थानाची हद्द ओलांडली की दुसरे राज्य, दुसरा कायदा. आगगाडीचे तिकीट काढले की दार उघडत असे.

वसतिगृहातील मुलांच्या आवाजाची आणि त्यांना मिळणाऱ्या बातम्यांची मालकी कोणाची, हा प्रश्न मला लहानपणीच भेटला. मी ज्या मिशन बोर्डिंगमध्ये होतो तेथे घरून आलेली पत्रे रेक्टर आधी उघडून वाचत. एकदा आईच्या पत्रातील दोन ओळी शाईने खोडून मला देण्यात आल्या. घरी आजोबा अत्यवस्थ होते आणि परीक्षा जवळ आली होती, हे मला सुटीत घरी गेल्यावर कळले. रेक्टरांचा हेतू वाईट नव्हता; ते मनाने प्रेमळ होते. पण त्या दोन ओळी माझ्या होत्या.

आपल्या धर्मसभेचाही इतिहास या बाबतीत कोरा नाही. निषिद्ध ग्रंथांची रोमन सूची १५५९ साली निघाली आणि १९६६ साली पोप सहावे पॉल यांच्या काळात तिचा कायदेशीर अंमल संपला. चारशेहून अधिक वर्षे सामान्य कॅथलिकाने काय वाचू नये याची यादी अस्तित्वात होती, आणि ती काढणारे लोक श्रद्धाळूंचे आत्मे वाचवीत आहोत असेच प्रामाणिकपणे मानीत होते. आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज सरकारने १६८४ साली स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. ज्या प्रदेशात फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ख्रिस्तपुराण रचले आणि १६१६ साली ते छापले गेले, त्याच प्रदेशात सात दशकांनंतर हे घडले. मदरशाच्या दाराकडे बोट दाखविताना हे आपल्या ध्यानात असलेले बरे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. तीनच महिन्यांनी, १० डिसेंबर १९४८ रोजी, संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. त्याच्या १९ व्या कलमात कोणत्याही माध्यमातून माहिती मिळविण्याचा व देण्याचा हक्क आहे, आणि २६ व्या कलमात मुलांना कोणत्या प्रकारचे शिक्षण द्यावे हे ठरविण्याचा आईबापांचा अग्रहक्क मान्य केला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या शिक्षणविषयक घोषणेतही (१९६५) आईबापांच्या या हक्कावर भर आहे. वरवर पाहता ही दोन कलमे एकमेकांच्या शेजारी सुखाने नांदतात. प्रत्यक्षात खरी ओढाताण याच दोहोंत आहे. बाप म्हणतो मुलगा हाफिज व्हावा. मुलाला कदाचित नकाशा पाहावासा वाटतो.

भारतीय राज्यघटनेने ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. या कलमाचा अर्थ ठरविण्यात ख्रिस्ती संस्थांचा वाटा फार मोठा आहे. केरळ शिक्षण विधेयकावरील सर्वोच्च न्यायालयाचे १९५८ चे मत आणि अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यातील १९७४ चा निकाल, या दोहोंनी आपल्या शाळा आजवर तारल्या आहेत. शासन दर्जासाठी नियम घालू शकते, पण नियमांच्या आडून संस्थेचा ताबा घेऊ शकत नाही, असा त्याचा मथितार्थ. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशातील मदरसा शिक्षण कायदा सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला, फक्त पदवी व पदव्युत्तर दर्जाचे प्रमाणपत्र देण्याची तरतूद तेवढी रद्द केली. त्या निकालामागेही ही जुनी वाट आहे. आपल्यासाठी खणलेल्या विहिरीचे पाणी शेजाऱ्याने प्यायले, एवढेच.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर शासनाने २०१३ साली डॉ. झाकिर हुसेन यांच्या नावाने मदरसा आधुनिकीकरण योजना आणली. (झाकिर हुसेन यांचा जन्म हैदराबादचा, हे येथे सांगायला हरकत नाही.) मदरशाने विज्ञान, गणित, समाजशास्त्र, मराठी, हिंदी, इंग्रजी शिकवावे, त्यासाठी शिक्षकांचे मानधन, इमारतीची डागडुजी व ग्रंथालय यांना शासन साहाय्य देईल. दोनच वर्षांनी, जुलै २०१५ मध्ये, हे विषय न शिकविणाऱ्या मदरशांतील मुले 'शाळाबाह्य' धरावीत असा निर्णय जाहीर झाला आणि मोठे वादळ उठले. माझ्या मते निर्णयात अर्धे सत्य होते. चौदा वर्षांच्या मुलाला बेरीज-वजाबाकी येत नसेल तर त्याचे नुकसान होते, मग त्याने सबंध कुराण मुखोद्गत केलेले का असेना. पण 'शाळाबाह्य' हा शब्द त्या मुलाच्या कपाळी मारून काय साधले? योजनेतील डी.एड. शिक्षकाला महिना सहा हजार आणि बी.एड. शिक्षकाला आठ हजार रुपये मिळत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते सोळा व अठरा हजार झाले, म्हणजे अकरा वर्षे त्या शिक्षकाने सहा हजारांत विज्ञान शिकवावे अशी अपेक्षा होती. शिवाय या सर्व वादात एक आकडा विसरला जातो. सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले की शाळेच्या वयातील मुसलमान मुलांपैकी सुमारे ३ टक्केच मुले मदरशांत जातात. उरलेली तुमच्या-आमच्या मुलांसारखी जिल्हा परिषदेच्या व खासगी शाळांत जातात, किंवा कोठेच जात नाहीत.

सक्तीने जे झाले नाही ते आतून कसे होते, याचे आपल्या राज्यातील ठळक उदाहरण नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी अक्कलकुवा येथे आहे. सुरत जिल्ह्यात १९५० साली जन्मलेले मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९ साली तेथे सहा विद्यार्थी आणि एक शिक्षक एवढ्या भांडवलावर जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम हा मदरसा काढला. आदिवासी मुलूख, रस्ते वाईट, पावसाळ्यात संपर्क तुटलेला. वस्तानवी स्वतः जुन्या परंपरेतील आलिम. त्यांनी हिफ्जचे वर्ग कधी बंद केले नाहीत. पण मदरशाच्या आवारातच शालेय वर्ग आले, मग आय.टी.आय., अध्यापक महाविद्यालय, फार्मसी, युनानी वैद्यक, अभियांत्रिकी. जो मुलगा सकाळी कुराण पाठ करी तोच दुपारी वेल्डिंग शिके. आणि शेवटी जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय उभे राहिले. त्याला २०१३ साली भारतीय आयुर्विज्ञान परिषदेची मान्यता मिळाली. परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, तर जालना सोडल्यावर बदनापूर लागते.

वस्तानवींचे वेगळेपण कोणत्या गोष्टीत होते? मदरशाचा धर्म कमी करा, मग विज्ञान देतो, असे त्यांनी म्हटले नाही. पैसा समाजाचा, इमारत समाजाची, प्रश्नपत्रिका मात्र राज्य मंडळाची व विद्यापीठाची, असा त्यांचा हिशेब होता. बापाला मुलगा आपल्याच माणसांच्या हाती आहे याचा भरवसा होता, आणि त्या भरवशाच्या जोरावर मौलाना मुलाला पुढे नेऊ शकले. आपल्या मिशनऱ्यांनी अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यांत बोर्डिंग चालविली ती याच भरवशावर.

जानेवारी २०११ मध्ये देवबंदच्या शूरेने त्यांना दारुल उलूमचे मोहतमिम निवडले. महाराष्ट्रातील एका आडगावचा, एम.बी.ए. पदवी घेतलेला, मूळचा गुजराती मौलवी त्या गादीवर बसला. काही दिवसांतच गुजरातमधील मुसलमानांच्या स्थितीविषयी वृत्तपत्राला दिलेल्या त्यांच्या मुलाखतीवरून गदारोळ झाला. आपल्या शब्दांचा विपर्यास झाला असे ते सांगत राहिले. परंतु जुलै २०११ मध्ये शूरेने त्यांना पदावरून दूर केले. विरोध केवळ मुलाखतीला होता की त्यांच्या नव्या चालीलाही, यावर आजही दोन मते आहेत. वस्तानवी अक्कलकुव्याला परतले आणि आपले काम करीत राहिले. ४ मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.

या सर्व संस्थांच्या दाराशी आता छापील पुस्तकाहून वेगळीच वस्तू येऊन उभी आहे. इंटरनेटचा फोन. अनेक मदरशांत विद्यार्थ्याला तो ठेवण्यास बंदी आहे. आपल्या बोर्डिंगांत आणि सेमिनऱ्यांतही ती कमी-अधिक असतेच, आणि तेरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मी तिला सरसकट दोष देणार नाही. मोठ्यांचे मात्र वेगळे. केरळात कोझिकोडजवळच्या एका महाविद्यालयात वसतिगृहातील मुलींना संध्याकाळी सहा ते रात्री दहापर्यंत फोन वापरण्यास मनाई होती. फहीमा शिरीन या पदवीच्या विद्यार्थिनीने ती मानली नाही. तिला वसतिगृहातून काढले. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी निकाल दिला की इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, आणि तिला परत घेतले पाहिजे. औरंगाबादच्या मुलांनंतर ऐंशी वर्षांनी पुन्हा एकदा वसतिगृहातूनच हा प्रश्न वर आला.

पण वसतिगृहाच्या कपाटापेक्षा मोठे कुलूप शासनाजवळ आहे. १० जानेवारी २०२० रोजी काश्मीरमधील बंदीसंबंधी अनुराधा भसीन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इंटरनेटवरून मत मांडणे व व्यवसाय करणे घटनेच्या १९ व्या कलमाखाली संरक्षित आहे. बंदी बेमुदत असू शकत नाही आणि तिचा आदेश प्रसिद्ध झाला पाहिजे. २०२४ च्या नव्या नियमांतही लेखी कारणे, आदेशाची प्रसिद्धी आणि पंधरा दिवसांची कमाल मर्यादा आहे. दंगलीत अफवा किती वेगाने पसरते हे मराठवाड्यातील माणसाला सांगावे लागत नाही. अफवेने घरे जळतात; तेव्हा अधिकाऱ्यांची अडचण मी नाकारत नाही. तथापि अफवा खोटी आहे हे सांगणारा मौलवी, पुजारी वा फादरही त्याच फोनवर बोलत असतो, आणि बंदी त्याचाही आवाज घेऊन जाते.

२६ फेब्रुवारी २०२४ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या वेळी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या तीन जिल्ह्यांत दहा तास इंटरनेट बंद ठेवण्यात आले. यांतील पहिले दोन परभणीचे सख्खे शेजारी. ज्याच्याकडे पुस्तके, शिकवणी आणि घरी वडीलधारे शिकलेले आहेत त्याला दहा तास जड जात नाहीत. ज्याची सगळी शिकवणी एका स्वस्त फोनवर चालते, मग तो मदरशात शिकून बाहेरून दहावीला बसणारा मुलगा असो, वाडीवरची मुलगी असो, की आपल्या एखाद्या मिशन वसतिगृहातील पोर असो, त्याचा तेवढा दिवस जातो. बदनापूरचे रुग्णालय त्या तीन जिल्ह्यांपैकी एकात आहे. १९३८ च्या मुलांनी नागपूरची गाडी धरली होती. या वेळी गाड्या चालू असोत वा नसोत, ज्या आवाजाला जायचे होते त्याला त्या नेत नव्हत्या.